बिनटोपीचे सर

घरातला पहिला पदवीधर म्हणून आज मला जो काही मान मिळतो, तो ज्यांच्यामुळे, ते आमचे इंग्रजीचे देशमुख सर. शिरड शहापूरला त्यांना सगळे 'बिनटोपीचे सर' म्हणत. लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपीचा आहेर करायची आमच्याकडे रीत. सर लग्नाला हौसेनं येत, पंगतीत वाढायलाही उभे राहत. पण आहेरासाठी त्यांचं नाव पुकारलं की हात जोडून म्हणत, "मला नको, पुढच्याला द्या."

नववीत त्यांनी 'कन्व्हेन्शनल' हा शब्द शिकवला तो याच टोपीवरून. "ही टोपी कुणी घालत नाही. पुढच्या लग्नात तीच फिरते. तरी दिल्यावाचून कुणी राहत नाही. काहून?"

"न्हाई दिली तर पाहुणे रुसतेत, सर," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"बराबर! चार लोक मानतात म्हणून आपण करतो, ते कन्व्हेन्शनल."

हा शब्द लग्नाला लागतो, कपड्याला लागतो, माणसाच्या विचारालाही लागतो, असं त्यांनी सांगितलं. मी वाक्य केलं होतं, 'माझी आत्या कन्व्हेन्शनल आहे म्हणून ती वाईट आहे.' सरांनी 'म्हणून'पासून पुढचं खोडलं. "ही शिवी नाही रे. आणि वापरण्याआधी विचारायचं, कुणाच्यात? एका वस्तीतली रीत दुसऱ्या वस्तीत तशीच असेल असं नाही." हा 'कुणाच्यात?' त्यांचा ठरलेला प्रश्न होता.

दहावीनंतर बाबा मला गवंड्याच्या हाताखाली लावणार होते. सर घरी आले, बाजेवर बसले, आईच्या हातचा चहा प्यायले आणि म्हणाले, "ह्याला शिकू द्या. कॉलेजचं मी बघतो." बाबांनी होकाराची मान हलवली. पण सरांचं ऋण त्यांच्या मनात राहिलं.

त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या मांडवात वंदना झाली, मंगल झालं, आहेर सुरू झाला. बाबांनी औंढ्याहून सरांसाठी वेगळी, चांगल्या कापडाची टोपी आणली होती. फिरती नव्हे. सरांचं नाव पुकारलं. बाबा टोपी दोन्ही हातांत धरून ती सरांच्या डोक्यावर ठेवायला पुढे झाले. सरांनी हात जोडले.

"मला नको, पुढच्याला द्या."

मांडवात हशा पिकला. "बिनटोपीचे सर हायेत ते!" बाबा हसले नाहीत.

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "अवो, ते कुणाचीच घेत न्हाईत. आपल्या पंगतीत जेवले की."

"जेवतेत आता समदे," बाबा म्हणाले. "डोक्याला आपला हात लागू दिला न्हाई."

बाबांनी माझं शिक्षण थांबवलं नाही. मात्र सर दिसले की ते वाट बदलायचे. सर मला विचारत, "बाबांना काही तकलीफ आहे का रे? भेटत नाहीत." कामावर असतात, एवढंच मी सांगायचो. पुढे सरांची बदली झाली. मी बी.ए. झालो आणि वर्षभरात बाबा गेले.

सर सांत्वनाला आले तेव्हा त्याच बाजेवर बसले. आईनंच त्यांना टोपीचं सांगितलं. कसलाही राग न ठेवता, जुनी गोष्ट सांगावी तसं. सर म्हणाले, "टोपी नको होती मला. त्यांचा हात नको नव्हता. पण हे त्यांना कळणार कसं? आयुष्यभर पोरांना विचारायला लावलं, कुणाच्यात? आणि ह्या मांडवात मीच विचारलं नाही." जाताना ते बाबांच्या तसबिरीसमोर उभे राहिले.

माझं लग्न ठरलं तेव्हा पहिलं पत्र मी त्यांना लिहिलं.

'आदरणीय सर,

सप्रेम जयभीम. पुढच्या रविवारी माझं लग्न आहे, आपल्या वस्तीतच. बाबांनी तुमच्यासाठी आणलेली टोपी आईच्या पेटीत आहे. तुम्ही म्हणालात, तरी त्यांनी ती पुढच्याला दिली नव्हती. आता बाबा नाहीत, म्हणून आईच ती तुमच्या डोक्यावर ठेवणार आहे. तुम्ही विचाराल, कुणाच्यात असं करतात? आमच्यात तरी बाई पाहुण्याला टोपी घालत नाही. म्हणजे हे कन्व्हेन्शनल नाही, सर. तरी या. आणि ह्या वेळी हात जोडू नका.

तुमचा विद्यार्थी'