यमुनाकाकू धान बांधायला गेल्या

एकाहत्तरच्या डिसेंबरात आमची बटालियन पश्चिम सीमेवर होती. मी टू प्लाटूनचा रेडिओ ऑपरेटर. लान्स नायक वसंता त्याच प्लाटूनमध्ये. तो रामटेकजवळच्या खेड्यातला, मी उमरेडचा. आमची ओळख मात्र नागपुरातली, तांडापेठेत यमुनाकाकूंच्या घरची.

काकूंचे यजमान विणकर. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. खेड्यांतून कॉलेजसाठी आलेली आम्ही पोरं तिथे जेवायचो, परीक्षा आली की मागाशेजारी सतरंजी टाकून अभ्यास करायचो. कोणी दारात घुटमळला की काकू म्हणायच्या, "काहून उभा राहिला गा? हात धू, बस."

पहाटे हल्ला झाला. शत्रूचं ठाणं हाती आलं. रेडिओ सेटवर कंपनी कमांडर बोलले.

"टू प्लाटून, रिपोर्ट. ओव्हर."

"ऑब्जेक्टिव्ह कॅप्चर्ड. ओव्हर."

"कॅज्युअल्टी?"

"वन किल्ड, सर. लान्स नायक वसंता. ओव्हर."

मग तिथेच थांबायचा हुकूम आला, "होल्ड पोझिशन. आउट."

युद्धबंदीनंतर वसंताच्या सामानाची पेटी त्याच्या आईकडे पोचवायला मला सुटी मिळाली. तार आधीच गेली होती. आई विधवा, घरात एकटी. एकट्यानं तिच्यासमोर जायची हिंमत होईना, म्हणून आधी काकूंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं. आत जाऊन लुगडं बदलून आल्या.

"चाल. मी बी येतो."

वसंताची आई भिंतीला टेकून बसली होती. चूल थंड. शेतात कापलेलं धान तसंच पसरलेलं. काकूंनी चूल पेटवली, भात केला, ताट घेऊन तिच्यासमोर बसल्या.

"जेव वं बाई. तुह्या पोरानं माह्या हातचं लय खाल्लं. आता तू खाय."

तिनं एक घास खाल्ला.

सकाळी काकू शेतात उतरल्या. जन्म मागावर गेलेला. धानाचे भारे बांधता येईनात. हात सोलपटले.

"काकू, राहू द्या. मी करतो."

"तुही सुटी संपन. मी आहो न इथं."

तिसऱ्या दिवशी वसंताची आई घराबाहेर आली. काकूंच्या हातातला भारा घेतला, गाठ कशी मारायची ते दाखवलं आणि तिथेच बसून मोठ्यानं रडली. तार आल्यापासून पहिल्यांदाच. काकूंनी तिला रडू दिलं आणि पुढचा भारा बांधायला घेतला. मी बांधावर उभा होतो. गोळीबारात उठून पुढे गेलेले जवान मी पाहिले आहेत. त्या सकाळी अंगावर तसाच काटा आला.

माझी सुटी संपली. धान घरात येईपर्यंत काकू तिथेच राहिल्या.

ऐंशीच्या दशकात काकू गेल्या. तांडापेठेची गल्ली भरली होती. डॉक्टर, मास्तर, वकील, सगळी त्यांच्या घरी जेवलेली पोरं, खांदा द्यायला एकमेकांना सरकवत होती. वसंताची आई पायरीवर बसली होती. मी युनिफॉर्ममध्ये होतो. तिरडी समोर आली तेव्हा सॅल्यूट केला.

वसंता पडला तेव्हा मला त्याला सॅल्यूट करता आला नव्हता. हल्ला चालू होता आणि सेट माझ्याकडे होता.