बदली कलाकार

विमानांच्या धंद्यातलं जेवढं कळण्यासारखं आहे तेवढं सगळं वडशातल्या एका माणसाला कळतं, आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत तो माणूस विमानात बसलेला नव्हता. हे आमच्या समोरच्या घरातले भाऊ. त्यांची पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटक मंडळी आहे. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रांपासून होळीपर्यंत रात्रभराचे प्रयोग करायचे आणि उरलेले महिने दुसऱ्या मंडळ्यांचे नट पळवायचे, असा त्यांचा धंदा. धाकटी मुलगी बेबी एका विमान कंपनीत वैमानिक झाली आणि भाऊंच्या लेखी तीही एक मंडळीच झाली. कॅप्टन म्हणजे हिरो, शेजारी बसणारी बेबी दुसरा हिरो, सामान चढवणारे ते पडदेवाले. बँकेतल्या साहेबांनी एकदा सहज विचारलं, मुलगी कुठे असते? भाऊ म्हणाले, "मोठ्या मंडळीत आहे. तिथी सीझन बारमाही."

मी राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. पडताळल्याशिवाय आकडा मानत नाही. कंपन्यांनी शेकड्यांनी विमानं मागवल्याची बातमी भाऊंनी मला वाचून दाखवली, तेव्हा मी विचारलं, एका विमानाला वैमानिक किती लागतात? त्यांनी तिथल्या तिथे बेबीला फोन लावला. दहा-बारा तरी, ती म्हणाली. भाऊंच्या हातातली बशी तशीच राहिली. "आयकलं का, हिशेबवाले? एका विमानाले पाच-सहा जोड्या! अन् हे लोक आधी विमानच घेऊन राह्यले! अरे, आधी हिरो गोया करा, मंग मंडप टाका!"

पण त्यांना त्याचं दुःख नव्हतं. नट कमी आणि मंडळ्या जास्त झाल्या की नटाचा भाव चढतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. दिवाळीत बेबी घरी आली होती. अनारशाचा पहिला घास तोंडात असतानाच तिला माघारी बोलावणं आलं. ती गुपचूप बॅग भरत होती आणि भाऊ फाटकात उभे राहून गल्लीला सांगत होते, "तिच्याबिगर पडदाच उठत नाई त्यांचा!" बेबीने माझ्याकडे पाहून नुसते डोळे चोळले. घर सोडताना डोळ्यांत पाणी आलं असेल, असं मला वाटलं.

होळीच्या सुमारास तिने सांगितलं, आखातातल्या एका कंपनीने बोलावलंय, मी जातेय. तिसऱ्या दिवशी भाऊंनी आपल्या मंडळीचा नियम काढला.

हा नियम वडशात सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊंच्या मंडळीतून दुसरीकडे जाणाऱ्या नटाने शेवटचा एक प्रयोग खाली, पब्लिकमध्ये बसून बघायचा, आणि आपल्या जागी आलेला बदली कलाकार आपली भूमिका कशी करतो ते पाहायचं. मगच सुटका. भाऊंच्या मते निम्मे लोक तिथूनच परत येतात. माझ्या मते तिघांतला एक. पण त्यातल्या एकाचा किस्सा मी स्वतः पाहिला आहे. सोडून चाललेला एक हिरो असाच पहिल्या रांगेत बसला होता. तिसऱ्या अंकात बदली हिरो वाक्य विसरला. याने ते खालून ओरडून सांगितलं. तो पुन्हा अडखळला तेव्हा हा सरळ स्टेजवर चढला. हिरॉइनला उरलेलं नाटकभर दोन नवरे होते, पब्लिक खूश होतं, आणि सकाळी त्याची बांधलेली ट्रंक पुन्हा भाऊंच्याच बिऱ्हाडात उघडली.

"बेबी जागेवरून उठते का नाई, पाहा तुम्ही," भाऊ मला म्हणाले. "रक्त माह्यं आहे."

बेबी हसली. "बाबा, नियम म्हंजे नियम," म्हणाली, आणि आपल्याच कंपनीच्या विमानाची नागपूर ते मुंबई तिकिटं काढली. साक्षीदार म्हणून मीही. भाऊंनी बक्षीस समारंभाचा काळा कोट घातला होता. ते खिडकीशी, मधे बेबी, कडेला मी. दारं उघडीच, विमान हलेना. मग स्पीकरवरून कॅप्टनने माफी मागितली: सहवैमानिकाची ड्यूटीची वेळ संपली आहे, दुसरे येत आहेत, थोडा उशीर होईल.

भाऊंचा चेहरा उजळला. असा प्रसंग त्यांनी लिहून घेतला असता तरी इतका जमला नसता. ते उभे राहिले, डोकं वर आपटलं, तरी तिथूनच हवाई सुंदरीला म्हणाले, "ओ बाई! दुसरा हिरो इथी बसून आहे! या पोरीले न्या, पार्ट पाठ आहे तिचा!"

आजूबाजूचे सगळे वळून पाहू लागले. हवाई सुंदरीने बेबीला ओळखलं आणि हळूच म्हणाली, "काका, मॅडमना झोपू द्या. त्यांना झोपलेलं मी पहिल्यांदाच बघतेय."

भाऊंनी खाली पाहिलं. बेबी झोपली होती. तोंड किंचित उघडं, एक बूट पायातून निघालेला. एवढ्या गोंधळात तिची पापणीही हलली नव्हती.

भाऊ सावकाश बसले. तिचं डोकं घरंगळून त्यांच्या खांद्यावर आलं. "हिशेबवाले," ते कुजबुजले, "दिवाळीले हे पोरगी अशीच दमून होती का?"

मी होय म्हटलं.

"अन् मी काऊन ढोल वाजवत होतो?"

बदली वैमानिक आला, विमान उडालं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेला हा माणूस एकदाही खिडकीकडे वळला नाही, कारण वळला असता तर खांदा हलला असता. चाकं टेकली तेव्हा बेबी दचकून जागी झाली. "कसं उतरवलं, बाबा?"

"तुह्यासारखं नाई," भाऊ म्हणाले. "पन चाललं. जाय तू. मी अडवत नाई."

ती गेली. सुट्टी ठरल्या दिवशी मिळते, असं फोनवर सांगते. भाऊ मला फोन देऊन तिचा आवाज ताजा वाटतो का ते पडताळून घेतात. या सीझनला त्यांचा खलनायक दुसऱ्या मंडळीने पळवला. नियमाप्रमाणे तो प्रयोग बघायला पहिल्या रांगेत येऊन बसला, तर भाऊंनी त्याला उठवलं आणि चहाच्या टपरीवर नेलं. मला वाटलं, भाव वाढवून देतील. भाऊंनी त्याला एवढंच विचारलं, "तिथी झोप होते का रे नीट?"