आमच्या देखाव्यातलं मालवाहू यान

पुण्याहून दोन बॅगा घेऊन मी वाशीला बाबांच्या घरी परत आले, तेव्हा गणपतीला अजून महिनाभर अवकाश होता. आमचं लग्न मोडलं होतं. मारहाण नव्हती, दारू नव्हती, सासूचा जाच तर अजिबात नव्हता. दोघांचं जमलं नाही, एवढंच. एखादं दणदणीत कारण असतं तर लोकांना सांगायला तरी बरं पडलं असतं. तसं काहीच नसल्यामुळे मला फार लाज वाटायची. लिफ्टमध्ये कुणी भेटायला नको म्हणून मी पाच मजले जिन्यानं चढायचे आणि वर व्यायामाचं निमित्त सांगायचे.

बाबांनी मला काही विचारलं नाही. आई गेल्यापासून ते तसेही कमीच बोलतात. सोसायटीत मात्र त्यांनी सांगून टाकलं, 'गणपतीला आलीय, ऑफिसचं काम घरून करते.' झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. मीही मूठ उघडायला काही उत्सुक नव्हते.

पुण्यात शेवटच्या महिन्यांत आम्ही दोघं दोन वेगळ्या खोल्यांत बसायला लागलो, तेव्हा मला एक नाद लागला होता. अंतराळ स्थानकाकडे सामान घेऊन येणारं यान तिथला यांत्रिक हात कसा पकडतो, त्याचं थेट प्रक्षेपण बघण्याचा. त्यात तासन्‌तास काहीही घडत नाही, म्हणून ते मला आवडायचं. वाशीला आल्यावर एका दुपारी मी तेच लावून बसले होते. बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. रबाळ्याच्या कारखान्यात त्यांनी नोकरीभर खोकी उचलणाऱ्या यांत्रिक हातांची देखभाल केली होती. पडद्यावरचा हात त्यांना ओळखीचा वाटला असणार.

"हा हात थांबलाय का?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले. यान खालून हळूहळू वर येतं. मध्ये ठरलेल्या जागी थांबतं, परवानगी मिळाली की आणखी थोडं पुढे येतं. शेवटी स्थानकापासून दहा-बारा मीटरवर येऊन उभं राहतं. दोघंही पृथ्वीभोवती भन्नाट वेगानं फिरत असतात, पण वेग सारखाच असल्यामुळे एकमेकांना स्थिरच दिसतात. तिथं आल्यावर यान आपली छोटी इंजिनं बंद करतं. मग हात पुढे सरकतो. यानाच्या अंगावर एक खुंटी असते आणि हाताच्या टोकाला पोकळ नळकांडं असतं, त्यात तीन तारा. नळकांडं खुंटीवर आलं की तारा फिरून तिच्याभोवती आवळतात आणि खुंटी आत ओढून घट्ट धरतात.

"इंजिनं बंद कशाला?"

"चालू ठेवली तर हात एकीकडे ओढणार आणि यान स्वतःला सावरायला दुसरीकडे जाणार. काहीतरी मोडेल."

"आमच्याकडे खोकं कधी स्वतःला सावरायला गेलं नाही," बाबा म्हणाले. मग जरा वेळानं, "पण इंजिनं बंद केली आणि हातानं पकडलंच नाही तर?"

"तर हात मागे घेतात. यान पुन्हा इंजिनं चालू करून लांब जातं. मग सगळं पहिल्यापासून."

"म्हणजे मधली ती दोन मिनिटं बिचाऱ्याला कुणाचाच आधार नाही," ते म्हणाले आणि कप विसळायला आत गेले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठलं. यंदा गणपतीपुढचा हलता देखावा ह्याचाच करायचा. सेक्रेटरी खूश झाला. "काका, एकदम कडक करा. फक्त एक, यान पकडलं की आतला मोदक बाप्पापुढे आला पायजे हां. नायतर पब्लिकला काय मजा?" अंतराळात मोदक कुठून, असं मी म्हणणार होते, पण बाबांनी मला डोळ्यांनी गप्प केलं.

मग आमच्या हॉलमध्ये कारखाना सुरू झाला. पाण्याच्या मोठ्या जारला चंदेरी कागद लावून यान झालं, पुठ्ठ्याचे पंख लागले. प्लास्टिकच्या पाइपांचा हात तयार झाला, त्याला बाबांनी भंगारातून आणलेल्या मोटरी बसवल्या. यान नायलॉनच्या दोरीनं वरून टांगलं. आणि तिथंच घोडं अडलं. हाताचा जरा धक्का लागला की यान झोके घेत पळायचं. बाबांनी त्याला स्थिर धरायला वर आणखी एक मोटर लावली. हातानं पकडल्याबरोबर दोन्हीकडच्या मोटरी एकमेकींशी भांडायला लागल्या आणि कडकन आवाज होऊन हाताच्या कोपरातलं दातेरी चाक तुटलं.

"बाबा, आधी यानाची मोटर बंद करा."

"बंद केली तर हलेल ते."

"हलू दे की. हात सावकाश आणा."

त्यांना ते पटलं नव्हतं, पण नवीन चाक बसवल्यावर त्यांनी तसं केलं. हात इतका हळू पुढे आला की मला धीर धरवेना. यान किंचित डुललं, तारा फिरल्या, खुंटी आत गेली. "धरलं!" बाबा ओरडले आणि लहान मुलासारखे हसले. आई गेल्यानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. आपण आता इथंच राहायचं, बाबांना आपलं ओझं होत नाहीये, असं मला त्या दिवशी वाटलं. त्या दिवसापासून मी लिफ्ट वापरायला लागले.

देखाव्याला गर्दी झाली. बाबा बटणं दाबायचे आणि मी माइकवर माहिती सांगायचे. लोकांना मोदकाचंच कौतुक जास्त होतं, पण काही जण प्रश्नही विचारायचे. एका संध्याकाळी कुणीतरी विचारलं, "मग ते यान परत कधी जातं?"

"सामान उतरवून घेतात. महिना-दोन महिने तिथंच जोडलेलं राहतं. मग त्यात कचरा भरून सोडून देतात. बहुतेक यानं वातावरणात जळून जातात."

लोक हसले. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एक बाई सहज म्हणाल्या, "आणि तू गं? जावईबापू काही दिसले नाहीत. तू कधी जाणार?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबांनी माझ्या हातातला माइक घेतला. मला वाटलं, विषय बदलतील, आरतीची वेळ सांगतील.

"गौरीबरोबर जाईल ती," ते म्हणाले. स्पीकरवरून ते गेटबाहेरच्या रिक्षास्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल. बायकांना फार आवडलं. लेक आली गौरीसारखी आणि जाणारही गौरीबरोबर. दोघीतिघींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "निघून गेलं तोंडातून. टेन्शन घेऊ नकोस. कोण लक्षात ठेवतंय?"

समोरच्या काकूंनी ठेवलं. त्यांच्याकडे गौरी बसल्या होत्या. विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "उद्या निघण्याआधी आमच्याकडे ये हं. तुझी ओटी भरायची आहे. आई नाही म्हणून माहेराहून रिकामी जाऊ नकोस." त्यांच्या मायेवर मला रागावताही येईना.

दार लावून मी बाबांना म्हणाले, "काकू उद्या ओटी भरणार आहेत."

"बरं."

"मग बॅग भरू का?" मी हे चिडून विचारलं होतं. 'वेडी आहेस का' एवढं ऐकायचं होतं मला.

बाबा सुटी झालेली एक मोटर फडक्यानं पुसत बसले होते. पुसून झालेलीच ते पुन्हा पुसत राहिले. "नेरूळला तुझी ती ऑफिसची मैत्रीण राहते ना? थोडे दिवस. लोकांचं बोलून झालं की ये," ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मीही भांडले नाही. एरवी मी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडते. त्या दिवशी मला वाटलं, बरोबरच आहे त्यांचं, माझ्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला पाटावर बसवून कुंकू लावलं. तांदूळ, खण, नारळ सगळं यथासांग पदरात घातलं आणि "सुखानं नांद" म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला. खाली ढोलताशा सुरू होता. बाबांनी माझ्या दोन्ही बॅगा रिक्षात ठेवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं "स्टेशन" म्हणाले. लोकांनी मला हात केले. गौरी आणि मी एकाच वेळी गेटबाहेर पडलो.

नेरूळ गावात मैत्रिणीनं एका मावशींकडे मला खोली मिळवून दिली. वाशीहून तीन स्टेशनं. आईवडील कुठं असतात, असं मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं. बाप तीन स्टेशनांवर आहे आणि मी इथं भाड्यानं राहते, हे कुठल्या तोंडानं सांगू? आई नाही आणि वडील गावाला असतात, असं मी सांगितलं. खोटं इतकं पटकन सुचलं की माझी मलाच शरम वाटली.

तिसऱ्या रविवारी बाबा आले. न कळवता, हातात पेरूंची पिशवी घेऊन. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसल्या होत्या.

"कोन हाय गो ह्ये?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "आमचे शेजारी," मी म्हणाले. "वाशीचे. जुने."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. मग चपला काढून ओट्याच्या कडेला बसले. "हो," ते म्हणाले. "समोरासमोरच राहायचो आम्ही."

मावशींनी त्यांना पाणी दिलं. "बरा झाला, तुमी तरी आले. पोर एकटी रेते. बापूस गावाला हाय म्हनं. एक दिवस बगायला आला नाय. कसला बापूस तो!"

मी दाराला धरून उभी होते. हे माझे वडील आहेत, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं.

बाबांनी पाणी संपवलं, पेला खाली ठेवला आणि मावशींना म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."