मागाच्या आवाजात जेवण

बाळांनो, आजोबा व्हिडिओ कॉलवर का येत नाहीत, हे तुम्ही दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी "झोपलेत" असं सांगितलं. ते खोटं होतं. ते शेजारच्या खोलीत बसून तुमचा आवाज ऐकत होते. गेल्या महिन्यात ते मुरमुरे खात तुमच्याशी बोलत होते, तेव्हा धाकटीने दोन्ही कानांत बोटं घातली आणि ती रडत उठून गेली. ते तिच्यावर रागावले आहेत असं तिला वाटतं, असं तुमच्या आईने मला कळवलं. म्हणून हे लिहिते आहे. रागावलेलं कोणीच नाही.

हे मी आधी एकदा पाहिलं आहे, आणि तेव्हा मी चुकले.

तुमची आई दहा वर्षांची असतानाची गोष्ट. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि घरही वेळापत्रकाप्रमाणे चालवत असे. रात्री आठला चौघांनी एकत्र जेवायचं, ताट संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. आजोबा बुक्कीने कांदा फोडत, वरण भुरकत. तुमची आई ताटाकडे बघत राही. तिचे कान लाल होत, मुठी आवळलेल्या असत. एकदा ती म्हणाली, "आई, मिक्सर लाव ना." मी विचारलं, काय वाटायचं आहे? ती म्हणाली, "काही नाही, नुसता लाव." तुमचा मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसले.

पुढे ती तिच्या बाबांकडे, म्हणजे तुमच्या आजोबांकडे, पाठ करून बसू लागली. आजोबा म्हणाले, "काहून वं, मी काय म्हैस आहो, रवंथ करून राहिलो म्हणून?" तेव्हा सगळे हसले. ती ताट ढकलून उठली, आणि मी तिला हाताला धरून परत बसवलं.

मला वाटे, हा उद्धटपणा आहे. आणि माझ्याकडे पुरावाही होता.

उमरेडला माझ्या सासरी पुढच्या खोलीत दोन हातमाग होते. सासरे आणि त्यांचे धाकटे भाऊ विणत. दोघे कधीही एकत्र जेवत नसत. एक पानावर बसला की दुसरा मागावर. त्यामुळे त्या घरातल्या प्रत्येक जेवणाला खटाक-खट, खटाक-खट अशी साथ असे. बोलायचं तर ओरडावं लागे. आणि तिथे तुमची आई बाबांच्या मांडीला मांडी लावून बसे, दोन भाकरी खाई, वर ठेचा मागे. सासूबाई मला म्हणत, "पोरगी तं मस्त जेवून राहिली. तूच तिले उपाशी ठेवतं का वं?"

झालं, मी निष्कर्ष काढला. जी मुलगी एवढ्या खडखडाटात जेवते, तिला आवाजाचा त्रास कसला? नागपूरला परतल्यावर मी तिची खुर्ची बाबांच्या अगदी शेजारी लावली. सवय होईल म्हणून. आठ वर्षं ती तिथे बसली. सवय झाली नाही. कॉलेजसाठी ती पुण्याला गेली, आणि तिने पहिल्या पत्रात लिहिलं की ती खोलीत एकटी जेवते आणि खूप छान वाटतं. ते वाचून मी तिला माणूसघाणी म्हटलं.

तुमची आई चाळिशीला आली तेव्हा तुमच्या तिकडच्या एका डॉक्टरांनी या त्रासाचं नाव सांगितलं. मिसोफोनिया. कान चांगले असतात. पण चावण्याचा, भुरकण्याचा, श्वासाचा असा एखादा बारीक आवाज आला की आत धोक्याची घंटा वाजल्यासारखं होतं. राग येतो, पळून जावंसं वाटतं, आणि ते आपल्या हातात नसतं. बहुतेक वेळा जवळच्याच माणसाचा आवाज जास्त बोचतो. जबरदस्तीने शेजारी बसवून ते जात नाही. तिने फोनवर हे सांगितलं, तेव्हा मला माग आठवला. तो आवाज तिला त्रास देत नव्हता. तो बाबांचा आवाज झाकत होता. पुरावा बरोबर होता, मी तो उलटा वाचला.

मागच्या वेळी तुम्ही सगळे इथे नागपुरात मनीषनगरला आलात, तेव्हा आजोबांनी पापड वरणात भिजवून खाल्ला. चावताना ते माझ्याकडे बघत, आवाज येतो का म्हणून. त्यांच्या कवळीच्या आवाजावर मात्र त्यांच्याकडे इलाज नव्हता. तुमची आई डोळे पुसत उठली. "बाबा, तुमचा दोष नाही." ते म्हणाले, "मंग कोनाचा वं?" दोष माझा होता, हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

आता धाकटीलाही तेच. आजोबा उमरेडला जाऊन मोबाइलवर मागाचा आवाज भरून आले. मी तो तुमच्या आईला पाठवला. तिने लावून पाहिला. म्हणाली, फोनमधून तो पातळ येतो, आतून चावणं ऐकू येतंच. तेव्हा बाळांनो, तुम्ही वेगळं जेवा, कानाला हेडफोन लावा, पंखा लावा, उठावंसं वाटलं तर उठा, कोणी अडवणार नाही. एवढंच मी सांगू शकते. आजोबांना मी म्हटलं, न खाता कॉलवर या. ते म्हणतात, "पोरगी माह्या तोंडाकडं पाहील आन् घाबरल." मला त्यांनाही समजावता येत नाही.

उमरेडच्या घरी तुमच्या आईचा चुलतभाऊ अजून विणतो, आठवड्यातून तीन-चार दिवस. एक माग त्याने मोडला. दुसरा चालू आहे, आणि त्याच्या शेजारी सगळ्यांना जेवायला बसता येईल एवढी जागा आहे.