दादांच्या खुर्चीच्या जागी सबवूफर

सबवूफर घरी आला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "ह्याचं तोंड कुठलं गं?" प्रश्न रास्त होता. काळा चौकोनी डबा, एका बाजूला जाळी, मागे भोकं आणि बटणं. बँकेत मी दिवसभर लोकांना समजावते, मला एक डबा समजणार नाही का, अशा तोऱ्यात मी पुठ्ठ्याचं खोकं फाडलं आणि तिथूनच माझी मती गुंग व्हायला लागली.

हा खटाटोप दादांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी होता. पाथर्डीकडच्या आमच्या गावात त्यांनी उभा जन्म भजनी मंडळात पखवाज वाजवला. मग ऐकू येईनासं झालं. कानाचं मशीन आणलं, तर "नुसती चिवचिव व्हती" म्हणून काढून ठेवलं. शहरात, सावेडीला माझ्याकडे राहायला आल्यापासून तर ते बोलायचेही कमी झाले. संध्याकाळी आई आणि मी टीव्हीसमोर बसलो की चपला घालून बाहेर पडायचे. पखवाज कपाटावर, गवसणीत. यंदाच्या सप्ताहातलं भजन साउंडवाल्याने पेनड्राइव्हवर दिलं होतं. ते दादांनी एकदा तरी ऐकावं, एवढंच आईचं म्हणणं. टीव्हीजवळ रिसीव्हर आणि दोन छोटे स्पीकर होतेच; त्यांना पखवाजासारखा जाड आवाज घुमवणारा हा डबा जोडला की झालं, असं मला वाटलं.

झालं कुठलं! वायर एक आणि भोकं दोन, डावं नि उजवं. एकच डबा डावा की उजवा? पुस्तिकेत पाहिलं तर तिथे तिसरंच नाव. एका भोकात पिन घातली, दिवा तांबडा. दुसऱ्यात घातली, तरी तांबडाच. मग कळलं, सबवूफर जोडलाय हे रिसीव्हरला आपणच सांगावं लागतं. सांगितलं. दिवा हिरवा झाला, स्पीकरमधून टाळ खणखणीत वाजले, पण पखवाजाचा पत्ता नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अगं, मांडणीवरची भांडी नाचाया लागली की!"

म्हणजे भांड्यांना ऐकू येत होतं, मला नाही. कोपऱ्यात गेले तर छातीत धडधडलं, हॉलच्या मधोमध आले तर काहीच नाही. मागे शून्य आणि एकशे ऐंशी असं लिहिलेलं एक बटण होतं. ते इकडे केलं, तिकडे केलं. फरक पडला की भास झाला, तेही कळेना. रडायचीच बाकी होते मी.

मोबाईलवरच्या एका व्हिडिओत उपाय सांगितला होता. जिथे बसून ऐकायचं तिथे डबाच ठेवा आणि आपण भिंतीकडेने रांगत कानोसा घ्या. जिथे आवाज चांगला लागेल ती डब्याची जागा. सगळं उलटंच! पण ऐकलं. दाराजवळची दादांची खुर्ची सरकवून तिथे डबा ठेवला. नव्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून आईने आपल्या रीतीप्रमाणे त्यावर गोधडीची घडी टाकली. मी भजन लावलं आणि रांगायला सुरुवात केली.

मी सोफ्यामागे असताना दादा फिरून आले. खुर्चीच्या जागी गोधडी घातलेलं स्टूल दिसलं, आणि चपला काढायला ते त्यावर बसले.

"दादा, उठा!" मी ओरडले. त्यांना कुठलं ऐकू जाणार? मी धावतच निघाले होते, पण त्यांच्याकडे बघून थांबले. एक चप्पल त्यांच्या हातात तशीच राहिली होती आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर ठेका धरत होती.

आई पोळ्या अर्धवट टाकून दारात आली होती. तिच्याकडे बघून दादा म्हणाले, "कोन वाजीवतंय गं ह्ये? धूम चढलीया. कनीक कमी लावलीया त्यानं."

पखवाजाच्या डाव्या तोंडाला धूम म्हणतात. तिला भिजवलेली कणीक लावली की पखवाज घुमतो, कमी पडली की आवाज चढतो. मला त्या भजनात कमीजास्त काही कळलं नव्हतं. कानांनी धड ऐकणाऱ्या सगळ्या मंडळालाही कळलं नसावं.

आईने दादांच्या हातातली चप्पल खाली ठेवली, पदर ओला करून त्यांचे हात पुसले आणि पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा त्यांच्या तळव्यावर ठेवला. मग मला म्हणाली, "पखवाज काढ."

मी दादांच्या खुर्चीवर चढून गवसणी खाली घेतली. डोळे असे भरून आले होते, की तिची नाडी कुठून सुटते तेच मला दिसेना.