सहा माणसांची केबिन

जगात जागेची टंचाई मुळी नाहीच, टंचाई आहे ती जागा लावता येणाऱ्या माणसांची, असे छातीठोकपणे मानणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये तो गोदाम सांभाळतो. रिकाम्या गोदामाच्या दारात उभा राहून तो नुसती नजर फिरवतो आणि आत किती पोती मावतील ते सांगतो, आणि तेवढीच मावतात. थप्पी लावणे ही त्याच्या लेखी मजुरी नाही, विद्या आहे. पोती एकावर एक टाकणारा तो हमाल. एक आडवे, एक उभे, सांध्यावर सांधा येऊ न देता छताला टेकवणारा तो कलावंत. ही विद्या गोदामापुरती राहिली असती तर मला काही म्हणायचे नव्हते. पण तो माणसांचीही थप्पी लावतो. लग्नाला जायचे तर जीप त्याच्या हवाली करावी लागते. एकदा त्याने आमच्या वरातीची एकोणीस माणसे एका जीपमध्ये बसवली, नवरदेवाच्या फेट्याला धक्का न लावता. मला सर्वांत शेवटी बोलावले. माझ्या पोटाकडे पाहून थोडा विचार केला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी आखरीचं पोतं. आखरीचं पोतं लातेनंच बसवा लागते, राग नका मानू." आणि खरोखरच त्याने गुडघा लावून दार बंद केले.

आमच्या घरी आला की चपला काढून तो पहिल्यांदा फ्रिज उघडतो. खायला काही हवे म्हणून नव्हे, तर आतली पातेली नीट लावायला. ती लावताना आमच्या बायकोची जी चार वाक्ये ऐकू येतात, ती तो कौतुक म्हणून ऐकतो. मी पंचायत समितीत कारकून म्हणून जन्म घालवला, माझे टेबल तो एकदाच पाहून गेला. "भाऊ, या फायली नीट लावल्या त अजून तीन टेबलं मावतीन जी," एवढेच म्हणाला. त्यानंतर त्याला कचेरीत बोलावण्याचे धाडस मला झाले नाही.

आता त्याच्या घराविषयी. त्याला जुळी पोरे, एक मुलगा, एक मुलगी, ही गोष्ट घडली तेव्हा दोघेही सहा वर्षांचे. शिवाय धाकट्या भावाची दोन : दहा वर्षांची पुतणी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ, ज्याला सारे बाबू म्हणतात. त्याच्या तीन वर्षे आधी साडभावाचा भाऊ आणि भावजय दोघेही एकाच दिवशी महामार्गावर गेले. तेरवी झाली तेव्हा नातेवाइकांत पोरे कोणी ठेवायची याची कुजबुज सुरू होती. साडभाऊ उठला, आत गेला, आपल्या एकुलत्या एका झोपायच्या खोलीत उभे राहून नजर फिरवली आणि बाहेर येऊन म्हणाला, "जागा हाय." बोलणे संपले. तेव्हापासून ती सहा माणसे एका ओळीत गाद्या टाकून झोपतात. दोन टोकांना नवरा-बायको, मध्ये चार पोरे, आणि पोरांच्या जागा रोज बदलतात, कोणी कायमचे कडेला पडू नये म्हणून. पुतणी त्याला मोठेबाबा म्हणते. पाहता पाहता जुळीही बापाला मोठेबाबाच म्हणू लागली, आणि त्याने ते दुरुस्त केले नाही.

अशा या घरात एका उन्हाळ्यात जहाज शिरले. जुळ्यांनी फोनवर एक जाहिरात पाहिली. मुंबईहून निघणारे मोठे पांढरे जहाज, त्याच्या गच्चीवर पोहायचा हौद, हौदात उतरणारी घसरगुंडी, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मुले मोफत'. बाबूने विचारले, "मोठेबाबा, हे घर पाण्यात जाऊन राहिलं का?" साडभावाने जाहिरात चारदा पाहिली आणि चौघांनाही वचन देऊन टाकले की नाताळच्या सुट्टीत आपण सहाही जण त्या घरात राहायला जाऊ. समुद्र त्यांच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. मला इंग्रजी येते असा त्याचा एक जुना गैरसमज आहे, म्हणून पुढच्या रविवारी मला भंडाऱ्याहून बोलावून घेतले.

'मुले मोफत'च्या खालची बारीक अक्षरे मी चष्मा पुसून वाचली. मोफत म्हणजे एका केबिनमधले तिसरे आणि चौथे माणूस, आणि केबिन फार तर चौघांची. खाली दोन पलंग, भिंतीतून उतरणारे आणखी दोन, संपले. साडभाऊ हसला. त्याच्या मते हा जहाजवाल्यांचा अडाणीपणा होता. त्याने फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

"बाई, चारच काहून जी? खोली त मोठी दिसते."

"सर, केबिनची क्षमता चार आहे."

"पलंग काढून टाका मंग. आमी खाली गाद्या टाकून झोपतो. सहा आरामात."

"सर, तसं चालत नाही. लाइफबोटीतल्या जागांप्रमाणे माणसं ठरतात. जहाजाला काही झालं तर प्रत्येकाला बोटीत जागा लागते."

"मंजे बोटीत बोट ठेवली हाय? डुबाचा बेत हाय का तुमचा?"

मुलीने फोन ठेवला नाही. ठेवला असता तर बरे झाले असते, कारण नंतरचे तीन महिने तो तिला दर दोन दिवसांनी फोन करत होता. तिच्याकडून त्याने केबिनची लांबी-रुंदी मिळवली आणि अंगणात चुन्याच्या फक्कीने अख्खी केबिन आखली. दार, कपाट, न्हाणी, सगळे. त्यात सहा माणसे झोपवून दाखवायची होती. कपाटाच्या जागी पाण्याचा ड्रम ठेवला; न्हाणीच्या जागी ठेवण्याजोगे काही मिळेना, तेव्हा मला उभे केले. त्या दुपारी पाऊण तास मी भर उन्हात न्हाणी होतो. शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारले, "भाऊजी, हे काय जी?" मी उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हतो. सहाही जण मावले, हे मात्र सांगितले पाहिजे. एक डोके इकडे, एक तिकडे, आणि बाबू मधल्या खाचेत. साडभावाने त्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. पोरे इतकी खूश की संध्याकाळपर्यंत केबिनमधून बाहेर येईनात.

मग अर्ज. ही चूक मात्र माझी. तीस वर्षे अर्ज स्वीकारण्यात घालवलेल्या माणसाला असे वाटते की जगातली कोणतीही गोष्ट नीट अर्ज केल्यास होते. मी लिहिले : 'मा. व्यवस्थापक साहेब यांचे सेवेशी. विषय : एका केबिनमध्ये सहा व्यक्तींना राहण्याची परवानगी मिळणेबाबत.' सोबत जोडले रेशनकार्ड. ही कल्पना साडभावाची. "कार्डावर सहाचे सहा नावं हायेत. सरकारनं मानलं का हे एकच कुटुंब होय. मंग जहाजवाले कोण लागून गेले?" त्यावर नगरसेवकाची सही आणि गोल शिक्का घेतला. मला तर खात्रीच वाटत होती. गोल शिक्क्यापुढे आजवर मी काहीही टिकलेले पाहिलेले नाही.

उत्तर आले ते इंग्रजीत, फोनवरच. माझा चष्मा भंडाऱ्यालाच राहिला होता, म्हणून पुतणीने वाचले. ती शाळेत इंग्रजीत पहिली येते, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा बरे वाचते. एकाच खोलीत सहा अशक्य. सहाजणांची एक मोठी खोली जहाजावर होती. तिचे भाडे ऐकून मी फोन पालथा घातला. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्यांच्या जोड्या होत्या. त्या सगळ्या गेलेल्या. साध्या दोन खोल्या होत्या, वेगवेगळ्या मजल्यांवर, त्याही झेपण्यासारख्या होत्या त्या फक्त एका सवलतीत. पुन्हा फोन लागला. या वेळी आवाज स्पीकरवर होता आणि मी, त्याची बायको म्हणजे माझी साळी, पुतणी, सगळे भोवती बसलो होतो. बाकीची पोरे अंगणात होती.

"सर, फॅमिली सवलत आईवडील आणि त्यांची दोन मुलं अशी असते. ती एका केबिनमध्ये. दुसऱ्या केबिनमध्ये उरलेली. त्यांना पूर्ण भाडं पडेल, आणि सोबत एक मोठं माणूस लागेल."

साडभावाने विचारले, "उरलेली मंजे?"

मुलीचा काही दोष नव्हता. ती कागदावरचेच वाचत होती. तिने कागदावरूनच दोन नावे वाचून दाखवली. साळी पटकन उठून आत चहाला गेली. मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागलो. साडभावाने फोन ठेवला. दहा गोदामे भरलेला माणूस, पण ही थप्पी त्याला लागेना. त्याने जुळ्यांपैकी एकाला आणि बाबूला घेऊन एका खोलीत जायचे, बायकोने दुसरीत, असे बोटांवर मांडून पाहिले. पण कसेही मांडले तरी दोन पोरे सवलतीबाहेर पडत होती, आणि ती नेहमी तीच दोन होती.

त्यावर पुतणीच बोलली. वहीवर रेघा ओढत, वर न पाहता. "मोठेबाबा, मले नाई यायचं. मले पाण्याचा भेव लागते. मी आन बाबू मामाकडं सानगडीले जातो. तुमी चौघं जा. चार त बराबर होतेत."

आता सांगायला हवे की ही पोर सानगडीच्या तलावात वाढलेली. तिच्या आजोळचा तलाव तो. पाचव्या वर्षापासून ती त्यात बेडकीसारखी पोहते. शिंगाड्याच्या वेलींखालून बुडी मारून पार दुसऱ्या काठाला निघते. हे मला माहीत होते, साळीला माहीत होते, आणि साडभावाला तर होतेच. मला वाटले, आता तो म्हणेल, खोटं कायले बोलतं? पण तो एवढेच म्हणाला, "असं का? भेव लागते त मंग कोणीच नाई जात." आणि त्याने ज्याला त्याला तेच सांगितले. मिलमध्ये, गल्लीत, रडणाऱ्या जुळ्यांना. "पोरीले पाण्याचा भेव हाय, म्हणून रद्द." तिचे खोटे त्याने स्वतःच्या अंगावर घेतले, म्हणजे तिला कुठे कमीपणा यायला नको. त्याला तेव्हा ती लाज झाकण्याची युक्ती वाटली असावी. मलाही वाटली. जीपमधले आखरीचे पोते मी, न्हाणी झालेला मी, अर्जवाला मी, इतके करूनही 'मी आणि तुझी ताई येतो, पोरे वाटून घेऊ, वरचे भाडे माझे' हे साळीला म्हणायचे एक वाक्य मात्र त्या दिवशी माझ्या तोंडून निघाले नाही. मला रक्तदाब आहे, असे मी घरी येऊन बायकोला सांगितले. ती म्हणाली, "तोंडात नव्हता ना?"

पण एकदा सर्वांना सांगितलेले खोटे पोरीला सांभाळावे लागले. पुढल्या वैशाखात सानगडीला तिच्या मामाच्या नव्या घराचे जेवण होते. साडभावाने आम्हाला जीपमध्ये लावून नेले. तलाव अर्ध्यावर आला होता. दुपारी सगळी पोरे पाण्यात, गावची आणि आमची. ती एकटी तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर बसलेली, मांडीवर सर्वांचे कपडे. मामा म्हणाला, "काहून वो, जात नाई? औंदा एकदाबी उतरली नाई हे." तिने मान हलवली. "भेव लागते." मामा हसला. साडभाऊ हसला नाही.

त्याने चपला काढल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत घेतला आणि पाण्यात उतरला. "ये ना माय. गुडघाभरच पाणी हाय." ती हलली नाही. तो आणखी आत गेला. पायजमा भिजला, सदरा भिजला. त्याला पोहता येत नाही हे मला ठाऊक होते. पाण्याची त्याला किती धास्ती आहे ते मात्र त्या दिवशी पाहिले. ओठ पांढरे, दोन्ही हात वर, जणू कोणी बंदूक रोखली आहे. "ये ना," तो पुन्हा म्हणाला, आणि मागे न पाहता आणखी एक पाऊल टाकले.

"मोठेबाबा, तिकडं नका जाऊ! तिकडं खड्डा हाय!"

मांडीवरचे कपडे धुळीत पडले. पोर कपड्यांनिशी पाण्यात शिरली, चार हातांत त्याच्यापाशी पोचली आणि त्याचे मनगट धरून ओढत, रागावत, त्याला काठाशी घेऊन आली. "पोयता येत नाई त कायले शिरले? आँ? कायले शिरले?"

"पाय घसरला, माय," साडभाऊ म्हणाला.

खोटे बोलण्याची पाळी आता त्याची होती. दोघे निथळत पाळीवर उभे राहिले. तिने मनगट सोडले नव्हते. मग बाबूने पाण्यातून हाक मारली आणि ती गेली, बुडी मारून, शिंगाड्यांच्या खालून. किती तरी वेळ वर आली नाही. साडभाऊ पाण्याकडे पाहत उभा होता, आणि ती दूर पलीकडे निघाली तेव्हाच त्याने श्वास सोडला.

दर हिवाळ्यात मुंबईहून ते जहाज सुटते म्हणतात, चार-चार माणसांच्या खोल्या भरून. बाबू आता पहिलीत आहे. मी तो विषय काढत नाही. साडभाऊही काढत नाही.