आडवा लोटा

"हलवू नका."

साहेब हे माझ्याकडे पाहून म्हणाले नाहीत. ते चेंडूकडे पाहत होते. लाल गालिच्याच्या एका टोकाला ते वाकून उभे, दुसऱ्या टोकाला मी गुडघे टेकून. माझ्या दोन्ही हातांत स्टीलचा लोटा होता. म्हैसुरात पाणी पिण्याच्या पेल्याला लोटाच म्हणतात. तो मी आडवा धरला होता, तोंड साहेबांच्या दिशेला. नुसता ठेवला तर चेंडूच्या धक्क्याने तो लोळत जाई. म्हणून धरायचा.

काठीचा हलका स्पर्श ऐकू येई. मग काहीच नाही. गालिच्यावरून येणाऱ्या चेंडूला पावले नसतात. पांढरा, देवीच्या व्रणांसारख्या खळग्यांनी भरलेला तो चेंडू माझ्याकडे येत राही आणि लोट्याच्या तळावर आदळे. खण्ण. तो आवाज आधी तळव्यांत शिरे, मग कोपरांत, मग दातांच्या मुळांत.

"गेला," साहेब समाधानाने म्हणत. "परत पाठवा. कुठे होतो आपण?"

मी चेंडू घरंगळत परत पाठवी आणि गालिच्यावर उपडी ठेवलेली वही उचली.

"'आपल्या मागणीप्रमाणे चंदनाच्या काड्या', इथे होतो, सर."

"हां. लिहा."

मी त्या ऑफिसातली लघुलेखिका होते. त्या खोलीत माझी खुर्ची होती. ती माझ्या मागे होती, रिकामी.

त्या खुर्चीविषयी सांगितले पाहिजे. आमची माणसे मराठ्यांच्या फौजेबरोबर कधीतरी दक्षिणेत उतरली आणि म्हैसूरच्या चाकरीत राहून गेली. शेजारच्या आळीतले लोक सांगत, आमचे पूर्वज घोड्यांवर बसून आले. आमचे पूर्वज त्या घोड्यांची खोगिरे शिवत आले. फौज गेली, घोडे गेले. घरात मराठी उरली, अर्धी कानडीत भिजलेली. हातात चामडे उरले. माझे अप्पा बाजारामागच्या बोळात चपला आणि पट्टे शिवत, जमिनीवर बसून. त्यांचे वडीलही जमिनीवर बसूनच गेले. स्वातंत्र्य आणि मी जवळपास एका वयाचे. मी लघुलेखन शिकले, अगरबत्तीच्या एका कारखान्यात लागले, तेव्हा अप्पांनी आळीतल्या प्रत्येक दारात एकच वाक्य सांगितले.

"आमची पोरगी खुर्चीवर बसते."

मी काय लिहिते, कोणासाठी लिहिते, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. खुर्ची पुरेशी होती.

कारखान्याच्या खालच्या दालनात बायका मांडी घालून काड्या वळत. कोळशाच्या भुकटीने त्यांचे तळवे काळे होत आणि त्या काळ्या तळव्यांना दिवसभर मोगऱ्याचा वास येई. जिन्याने तो वास वर चढे. वर साहेबांची खोली, खिडकीतून दिसणारी चामुंडीची टेकडी, आणि वेताच्या बैठकीची माझी खुर्ची.

साहेबांचा आवाज कधीच चढत नसे. पत्रे इंग्रजीत सांगत, बोलत कानडीत, मला 'अम्मा' म्हणत. रोज पहाटे ते टेकडीखालच्या मैदानावर गोल्फ खेळत. लांबचा फटका त्यांचा नामी होता असे ऐकत होते. खोट शेवटी होती. चेंडू खळगीजवळ आला, आता फक्त अलगद ढकलायचा, की त्यांचा हात कापे. त्या ढकलण्याच्या सपाट तोंडाच्या काठीला पटर म्हणतात. तो पटर त्यांनी ऑफिसात आणून ठेवला आणि सरावाला लागले.

सरावाचे नियमही त्यांनी मला सांगून लिहून घेतले. ते क्लबातल्या मित्रांना वाटून द्यायचे होते. मला ते आजही पाठ आहेत. विसरायचा प्रयत्न करून पाहिला आहे. चेंडू दोन डोळ्यांच्या मधून खाली सोडा. जिथे पडेल तिथूनच मारा. मनगट मेलेले असू द्या. झुलायचे ते खांद्यांनी, घड्याळाच्या लंबकासारखे. काही वेळ नुसत्या उजव्या हाताने मारा, मग नुसत्या डाव्या. अगरबत्तीचे दोन पुडे उभे करा आणि त्यांच्या फटीतून पटर न्या. पुडा पडला तर हात वाकडा चालतो आहे. आधी जवळून मारा, मग एकेक पाऊल मागे सरका.

आणि शेवटचा. चेंडू सुटल्यावर डोके उचलू नका. कुठे गेला ते पाहू नका. आत पडल्याचा आवाज ऐका. जो पाहतो त्याचे खांदे फिरतात, आणि चेंडू भरकटतो.

"याच्याखाली रेघ मारा, अम्मा," साहेब म्हणाले. "सगळा खेळ इथे आहे."

मी रेघ मारली.

पावसाळ्यात एकदा पटरच्या मुठीवरचे चामडे उकलले. साहेब अस्वस्थ झाले. कपचे सामने जवळ आले होते. मी वही मिटली आणि अगदी आनंदाने म्हणाले, "सर, माझे अप्पा करून देतील."

अप्पांनी जुने चामडे उतरवले, बकऱ्याचे मऊ कातडे तेल लावून गुंडाळले, टाका आतल्या बाजूने घेतला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मूठ धरली, अंगठा फिरवला, सोडून पुन्हा धरली.

"वा! हे तुमच्या वडिलांचं काम? म्हणजे तुम्ही..."

वाक्य त्यांनी अर्धेच सोडले. ते पुरे केले दुसऱ्या सकाळी चन्नप्पाने. चन्नप्पा ऑफिसचा म्हातारा शिपाई. माठाशेजारच्या फळीवर सगळ्यांचे लोटे उपडे असत. आम्ही हाताला येईल तो घेत असू. त्या सकाळी एक लोटा फळीवर नव्हता. दाराआडच्या कोनाड्यात होता, कडेला लाल लाखेचा थेंब. पार्सले बंद करायला वापरत ती लाख.

"तुमचा हा, अम्मा," चन्नप्पा माठाकडे पाहत म्हणाला. "फळीवरचे घेऊ नका. माठात बुडवूही नका. मी वरून ओतेन."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? सांगितलं."

त्या दिवशी साहेब नव्या मुठीने फारच छान खेळले. अप्पांच्या हाताचे तेल त्यांच्या तळव्याला लागत होते. ते चालत होते. माझे ओठ फळीवरच्या लोट्याला चालत नव्हते.

निदान स्वच्छ आहे, असे मी स्वतःला सांगितले. निदान कुणाचा उष्टा नाही. माणूस स्वतःला किती समजुतीने बोलू शकतो! मी भिंतीकडे तोंड करून पाणी पिऊ लागले, आणि वरून ओतलेल्या पाण्याला एकाकी विहिरीसारखा वास येऊ लागला.

सरावासाठी तोवर काचेचा ग्लास होता. तो एक दिवस तडकला. साहेबांनी चन्नप्पाला दुसरे काहीतरी आणायला सांगितले. तो बराच वेळ दारात उभा राहिला. फळीवरचा लोटा बुटांच्या गालिच्यावर कसा ठेवणार? मग तो कोनाड्याकडे गेला. लोटा लोळू लागला तेव्हा तो धरून बसायला चन्नप्पाचे गुडघे वाकेनात. "अम्मा, जरा तुम्ही धरा." मी धरला. पहिल्या दिवशी हसलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलेच नाही. साहेबांनी चेंडू मांडला आणि थांबले. मी खाली बसले.

नंतर तोच लोटा विसळून मी पाणी पीत असे. कडेला गालिच्याची लोकर चिकटलेली असे. जिभेला रबर लागे, बुटांची धूळ लागे.

घरी एकदा अव्वाने, माझ्या आईने, माझ्या पातळाकडे बोट केले. "काय ग, गुडघ्याला लाल काय चिकटलंय?"

"सुम्ने, काही नाही, अव्वा. गालिच्याचं आहे."

"खुर्चीवरनं गालिचा कसा चिकटतो ग?"

मी ऊट, जेवण, वाढायला सांगितले आणि पाटावर बसले.

सामन्यांच्या आधी क्लबातले दोन मित्र साहेबांचा सराव बघायला आले. कॉफी आली. पुडे उभे राहिले. मी माझ्या जागी, लोटा माझ्या हातांत. त्यांतला जाडा, मिशीवाला मोठ्याने हसला.

"अरे, कप जिंकायचा तर सरावालाही चांदीचा कप घे की! हा कसला लोटा? घरी पाणी पिताना बायको शोधत बसेल."

साहेब चेंडू मांडत होते. त्यांनी मान न उचलता सांगितले, "त्याची काळजी नाही. तो कुणी वापरत नाही."

त्या सकाळी मी त्याच लोट्याने पाणी प्याले होते.

या वाक्यात विष असते तर मी कदाचित ते गिळले असते. विष ओळखीचे होते; आळीतल्या नळावर, शाळेच्या ओट्यावर ते मी चाखले होते. पण साहेब मला दुखवत नव्हते. टेकडीवर आज धुके नाही, असे म्हणावे तसे ते म्हणाले. लाखेचा थेंब त्यांच्याच हुकमाने लागला होता. तो कुणासाठी, हे त्यांना ठाऊक होते. आणि तरीही कुणी नाही. शिवू नये म्हणून बाजूला काढले, तोवर मी निदान कुणीतरी होते. आता मी त्यांच्यासमोर, चार हातांवर, श्वास धरून बसले होते, आणि तिथे कुणी नव्हते.

काठीचा स्पर्श झाला. चेंडू निघाला.

मी लोटा उचलला आणि उभी राहिले. गुडघे मोडले तो आवाज सर्वांनी ऐकला असेल. चेंडू माझ्या पातळाच्या काठाखालून गेला आणि भिंतीच्या लाकडी पट्टीला लागून थांबला. ओल्या लाकडावर बोट टेकावे एवढाच आवाज.

साहेबांची मान खालीच होती. ते ऐकत होते. नियम त्यांचाच. चेंडू जिथे होता त्या जागेकडे डोळे लावून ते खण्ण होण्याची वाट पाहत राहिले. मित्रांचे हसणे थांबले. मला त्यांचे विरळ केस दिसले, कंगव्याच्या रेघा, कानामागे उरलेले गंध. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. त्या शांततेत मला वाटले, हा माणूस असाच उभा राहील, आणि मला आयुष्यभर त्याची टाळूच दिसत राहील.

मग त्यांनी डोके उचलले. माझ्याकडे पाहिले.

"काय झालं?"

"मी वापरते, सर."

"काय?"

"हा लोटा. मी वापरते. रोज."

मिशीवाला म्हणाला, "अरे, ही बोलते की!" आणि एकटाच हसला.

मी लोटा साहेबांच्या टेबलावर उभा ठेवला, त्यांच्या कॉफीच्या कपाशेजारी. माझ्या खुर्चीवर बसले. वही उघडली.

"मजकूर सांगा, सर."

मी पेन्सिल कागदावर टेकवली.

साहेबांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "तुम्हाला बरं दिसत नाही, अम्मा. घरी जा."

दुसऱ्या दिवशी खोलीत खुर्ची नव्हती. वेताच्या चार पायांचे चार खळगे गालिच्यावर तेवढे होते. चन्नप्पा जिन्यात भेटला. "खाली जायला सांगितलंय. काड्या वळायला." खाली बसण्यात लाज नाही. त्या बायका वर्षानुवर्षे बसत होत्या आणि त्यांच्या घरांत त्यावर चुली पेटत होत्या. लाज मला खाली बसवण्यात होती. मी जिना उतरले, त्या बायकांच्या मधून चालत गेले आणि फाटकाबाहेर पडले.

अप्पांनी सगळे ऐकून घेतले. आरी चामड्यात अर्धी रुतून राहिली होती.

"लोट्यासाठी खुर्ची सोडलीस?"

"लोट्यासाठी नाही, अप्पा."

"मग कशासाठी ग?"

ज्या मुलीला सबंध दिवस दुसऱ्याचे शब्द टिपता येत होते, तिला स्वतःचा एक सापडेना. अप्पांनी आरी आरपार ढकलली आणि खाली बघत म्हणाले, "साकु ग, पुरे. पाणी तर देत होता की तो."

त्याला आता काही वर्षे झाली. साहेबांचा चेहरा मला नीट आठवत नाही. पण नंजनगूडच्या बसमध्ये कुणाचा डबा पत्र्यावर पडला की माझे दोन्ही तळवे आपोआप एकमेकांकडे वळतात, पोकळ होतात, काहीतरी धरायला तयार होतात. मी ते ओढून मांडीखाली घेते. शेजारची बाई बघत राहते. आणि अप्पांचे ते वाक्य अजून घरात आहे. आम्ही जेवायला बसलो की ते आमच्यात बसते. त्यांनी पुन्हा कधी कुणाच्या दारात माझ्या खुर्चीचा उल्लेख केला नाही.

नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी, बसण्याआधी, मी पाण्याची जागा विचारते. आणि सांगते की मी मोच्याची मुलगी आहे. एका ऑफिसात सगळे खोकले. एका ठिकाणी मोठ्या प्रेमाने म्हणाले, आमच्याकडे असलं काही नसतं, आणि दुपारी माझ्यासाठी बाहेरून कागदी पेला मागवला. मी निघून आले. एका ठिकाणी जागा सकाळीच भरली होती, असे त्यांना एकाएकी आठवले.

सोमवारी नंजनगूडला एका कारखान्यात जायचे आहे. मोठे ऑफिस आहे, टंकलेखकांची रांगच आहे म्हणे. अप्पा काल रात्रीपासून मागे लागले आहेत. "या वेळी विचारू नकोस ग. सुम्ने, गुपचूप बस. दिसेल तेव्हा दिसेल."

दिसेल तेव्हा फार उशीर झालेला असतो, अप्पा. तोवर माणूस गुडघ्यांवर आलेला असतो आणि त्याला वाटत असते की आपण कुणालातरी मदत करतो आहोत.

मी विचारणार आहे. कोपऱ्यात नाही, शिपायाच्या कानात नाही. त्या रांगेसमोर उभी राहून. टंकयंत्रे चालू असली तर ती थांबेपर्यंत थांबेन, आणि मग विचारेन.